झिंक ऑक्साइडची शाई दुधाळ होते? माझा अनुभव

क्वांटम डॉट एलईडीत (अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांतून प्रकाश देणाऱ्या दिव्यात) इलेक्ट्रॉन वाहून नेणारा थर आम्ही नाशिकच्या प्रयोगशाळेत झिंक ऑक्साइड नॅनोकणांच्या इथेनॉलमधल्या शाईने देतो. एप्रिलच्या उकाड्यात ही शाई बाटलीतच दुधाळ व्हायची. थरात गुठळ्या, मग करंटची गळती. शोषणाची कड (शाई जिथपर्यंत प्रकाश शोषते ती तरंगलांबी) लांब तरंगलांबीकडे सरकली होती, म्हणजे कणही वाढत होते.

खरी गोम कण बनवल्यानंतरच्या धुण्यात निघाली. फार धुतलं की कणांना वेगळं ठेवणारे त्यांच्यावरचे अ‍ॅसिटेट गट निघून जातात आणि उघडे कण एकमेकांना चिकटतात. म्हणून धुणं कमी केलं, कण चिकटू नयेत म्हणून किंचित इथेनॉलअमाइन घातलं (जास्त नको, थराची वाहकता घटते) आणि बाटली घट्ट बंद करून फ्रीजमध्ये ठेवली. शाई आता नितळ राहते! वापरण्याआधी ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतोच. फ्रीजमधून काढलेली बाटली मात्र लगेच उघडू नका. पावसाळ्यात आत पाणी धरतं.