डॉटकॉमच्या काळातली शेअरवाली केस वाचायची कशी

अमेरिकेत २००० च्या आसपास इंटरनेट कंपन्यांचे शेअर आधी आभाळाला भिडले मग आपटले आणि लोक कोर्टात गेले, त्यातली एखादी केस नीट समजून घ्यायची असेल तर सुरुवात तक्रारअर्जापासून करू नका. तो वकिलांनी लिहिलेला असतो, वाचता वाचता आपण कधी त्यांच्या बाजूचे होतो कळत नाही. आधी शेअरचे भाव तारखेनिशी कागदावर काढा.

व्हीए लिनक्स या कॉम्प्युटर कंपनीचं घ्या. ९ डिसेंबर १९९९ ला आयपीओ, म्हणजे लोकांना पहिल्यांदा शेअर विकायला काढले, भाव ३० डॉलर, आणि पहिल्याच दिवशी बंद झाला २३९.२५ ला! वर्षभरानं दहाच्या आत. हे बघून फसवणूकच वाटते, पण असल्या कंपन्या जिथे जास्त त्या नॅसडॅक शेअरबाजाराचा अख्खा निर्देशांकच मार्च २००० मधल्या ५,०४८ वरून ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ वर आला होता, त्यामुळे नुसता भाव पडला म्हणून केस उभी राहत नाही. काय लपवलं आणि कधी, ते शोधायचं.

त्यासाठी प्रॉस्पेक्टस काढा, म्हणजे शेअर विकताना कंपनी देते ते माहितीपत्रक, अमेरिकेच्या सेक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनच्या (शेअरबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एडगर या वेबसाइटवर फुकट मिळतं. शेअरवाटप आणि कमिशनबद्दल काय लिहिलंय ते वाचा. न्यूयॉर्कच्या कोर्टात ३०० हून जास्त कंपन्यांच्या केसेस एकत्र चालल्या त्यात आरोप हाच होता की आयपीओ विकणाऱ्या बँकांनी आयपीओचे शेअर देताना गिऱ्हाइकांकडून, नंतर चढ्या भावानं आणखी घेऊ असं कबूल करून घेतलं, जास्तीचं कमिशनही उकळलं, आणि प्रॉस्पेक्टसमध्ये याचा पत्ताच नाही. मला तरी हा भाग सगळ्यात चीड आणणारा वाटतो, कारण बाहेरचा माणूस ही ठरवून आणलेली मागणी खरी समजून शेअर विकत घेत होता.

आता कायदा कुठला लावलाय ते बघा, इथेच बहुतेकांची गल्लत होते. १९३३ च्या सेक्युरिटीज कायद्याचं कलम ११ असेल तर कंपनीचा हेतू सिद्ध करावा लागत नाही, प्रॉस्पेक्टससोबतच्या नोंदणीच्या कागदात महत्त्वाची चूक किंवा लपवाछपवी दाखवली की झालं. पण भरपाई आयपीओच्या भावापुरतीच मोजतात, म्हणजे ज्यानं २०० ला घेऊन ४० ला विकला त्याला ३० च्या आयपीओत या कलमाखाली काहीच नाही. त्याच कमिशनचा फसवणुकीविरुद्धचा नियम १०बी-५ असेल तर मुद्दाम फसवलं हे दाखवावं लागतं, आणि १९९५ च्या सुधारणा कायद्यानं ते फारच कडक केलं, तसं ठाम दिसेल असे तपशील पहिल्याच अर्जात हवेत नाहीतर केस सुरुवातीलाच फेटाळली जाते.

या केसेस सगळ्या शेअरहोल्डरांच्या वतीनं एकत्र चालतात, त्यात कुठल्या काळातली खरेदी धरायची तो क्लास पीरियड, त्याच्या तारखा तपासा, त्याच्या बाहेर खरेदी केलेली असेल तर तो माणूस केसमध्येच नाही.

तडजोडीचा आकडा शेवटी बघा. आयपीओच्या त्या केसेस २००९ मध्ये ५८.६ कोटी डॉलरवर मिटल्या, रक्कम मोठी वाटते, पण त्यातून आधी वकिलांची फी आणि खर्च जातो, उरलेलं ३०० हून जास्त कंपन्यांच्या शेअरहोल्डरांत, आणि त्यातही ज्यांनी मुदतीत क्लेम फॉर्म भरला त्यांनाच.