बागेच्या छोट्या ट्रॅक्टरला लोडर: निवड कशी करावी

ऑक्टोबर छाटणीच्या आधी द्राक्षबागेत शेणखत घालायचे काम निघाले की उकिरड्यावरून ट्रॉलीपर्यंत घमेली वाहणारी माणसे मिळत नाहीत आणि बागेत चालणाऱ्या छोट्या ट्रॅक्टरला पुढे लोडर, म्हणजे माल उचलणारी हायड्रॉलिक बकेट, बसवून घ्यावा, हा विचार दरवर्षी नव्याने डोके वर काढतो. विचार चुकीचा नाही. मात्र बहुतेक जण आधी एचपी पाहून ट्रॅक्टर घेतात, वर्षभराने त्याला लोडर शोधू लागतात आणि तिथे गणित चुकते. लोडर लावण्याचा विचार थोडा जरी असेल, तरी निवडीची सुरुवात पुढच्या ॲक्सलपासून आणि मागच्या वजनापासून करावी. एचपीचा प्रश्न त्यानंतर येतो.

त्याही आधी लोडरची गरज खरोखर आहे का, हे तपासावे. वर्षातून एकदाच वीस-पंचवीस ट्रॉल्या खत भरायचे असेल, तर तासाच्या भाड्याने जेसीबी आणणे स्वस्त पडते. (आपल्याकडे पुढे बकेट असलेल्या कोणत्याही पिवळ्या यंत्राला जेसीबीच म्हणतात, ते सोडून देऊ.) याउलट गोठ्यातील शेण रोज उचलायचे असेल, मुरघास हलवायचा असेल, पोल्ट्रीचे खत वरचेवर भरायचे असेल किंवा पावसाळ्यात शिवाररस्त्यावर मुरूम टाकायचा असेल, तर लोडर स्वतःचा असण्याला अर्थ आहे.

आता काय उचलायचे ते किलोत मोजावे. ०.२ घनमीटरच्या बकेटमध्ये चांगले कुजलेले, कोरडे शेणखत ढोबळमानाने १०० ते १२० किलो बसते. ओले शेण १८० किलोच्या आसपास जाते आणि तीच बकेट मुरूम किंवा मातीने भरली तर ३०० किलो होतात. म्हणजे शेणखतासाठी घेतलेली बकेट मुरमात तोंडोतोंड भरणे हा वेगळाच खेळ आहे. विक्रेता सांगतो ती उचलक्षमता बहुधा बकेटच्या पिनेपाशी मोजलेली असते, तर मालाचे वजन त्या पिनेच्या बरेच पुढे पडते. शिवाय बकेट पूर्ण उंचीवर असताना क्षमता आणखी घटते. त्यामुळे ‘किती किलो?’ एवढेच न विचारता ‘कुठे मोजलेले आणि किती उंचीवर?’ असे विचारावे.

यातला सर्वांत महत्त्वाचा हिशेब कागदावर दोन मिनिटांत होतो. समजा ट्रॅक्टरचे वजन ९०० किलो आहे, त्यातले सुमारे ५४० किलो मागच्या चाकांवर आहे आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलमधील अंतर दीड मीटर आहे. पुढच्या ॲक्सलच्या १.२ मीटर पुढे ३०० किलोचा मुरूम उचलला, तर पुढच्या ॲक्सलवर ३०० नव्हे, ५४० किलो जादा भार येतो आणि मागची चाके २४० किलोने हलकी होतात. लोडरचे स्वतःचे वजन मागचा भार आणखी थोडा कमी करते. म्हणजे मागे जेमतेम अडीचशे किलो उरतात, आणि तेवढ्या भारावर उतारावर ब्रेक दाबायचा असतो. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक मागच्या चाकांनाच असतात, हे येथे विसरून चालत नाही.

म्हणूनच टू-व्हील ड्राइव्हच्या छोट्या ट्रॅक्टरला लोडर बसवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा पुढचा ॲक्सल चाक वळवण्यापुरता केलेला असतो. त्यावर वारंवार असा भार आला की स्पिंडल आणि बेअरिंग आधी बोलू लागतात. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा ॲक्सल भरभक्कम असतो, हलक्या झालेल्या मागच्या चाकांवर सगळा ओढा राहत नाही आणि फोर-व्हील लावलेले असताना मागच्या ब्रेकचा जोर शाफ्टमधून पुढच्या चाकांपर्यंतही पोहोचतो. भरलेली बकेट घेऊन उतार उतरताना फोर-व्हील लावूनच उतरावे, त्याचे कारण हेच. महिंद्राची जिवो व ओजा आणि कुबोटाची निओस्टार या मालिकांमध्ये २० ते ३० एचपीच्या टप्प्यात फोर-व्हीलचे पर्याय उपलब्ध आहेत; २०२३ मध्ये आलेल्या ओजाच्या तर सर्वच मॉडेलना ते मुळातच दिलेले आहे.

मागचे वजन कसे वाढवायचे, यातही फरक आहे. टायरमध्ये पाणी भरले किंवा चाकाला लोखंडी वजने लावली, तर मागची चाके जड होतात. पण पुढच्या ॲक्सलवरचा भार तसूभरही कमी होत नाही. तेच २०० किलोचा रोटाव्हेटर किंवा काँक्रीट भरलेला ड्रम थ्री पॉइंट लिंकेजला (अवजारे जोडायच्या मागच्या तीन दांड्यांना) मागच्या ॲक्सलच्या ९० सेंटिमीटर मागे टांगला, तर मागे ३२० किलो वाढतात आणि पुढचे १२० किलो उचलले जातात. त्यामुळे लोडर चालवताना मागे काहीतरी टांगलेले असलेच पाहिजे, आणि त्या टांगलेल्या वजनासह उकिरड्याजवळ वळायला जागा आहे का, हेही घरीच मोजून पाहावे.

हायड्रॉलिकबाबत एक गैरसमज सरसकट आढळतो. माहितीपत्रकातील ‘लिफ्ट क्षमता ७५० किलो’ ही मागच्या लिफ्टची असते. लोडरचा तिच्याशी थेट संबंध नाही. लोडरसाठी पंप मिनिटाला किती लिटर तेल देतो, ते पाहावे. ५० मिलिमीटर व्यासाचे आणि ४०० मिलिमीटर स्ट्रोकचे (दांडा सरकण्याच्या अंतराचे) लोडर उचलणारे दोन सिलिंडर भरायला सुमारे १.६ लिटर तेल लागते. मिनिटाला १५ लिटर देणारा पंप ते साडेसहा सेकंदांत भरतो, पण इंजिनचे फेरे अर्ध्यावर आणले तर हाच वेळ दुप्पट होतो. दिवसभरात शंभर बकेटा टाकणाऱ्याला हा फरक जाणवतो.

गिअरकडेही याच नजरेने पाहावे. लोडरचे काम म्हणजे दोन मीटर पुढे, दोन मीटर मागे. पुढे-मागे करणारा शटल लिव्हर वेगळा आणि सहज हाताशी येणारा नसेल, तर क्लच लवकर संपतो आणि चालवणारा त्याहून लवकर थकतो. पॉवर स्टिअरिंगबाबत तडजोड करू नये. भरलेल्या बकेटसह साधे स्टिअरिंग जागेवर फिरवणे जवळपास अशक्य असते.

बागेसाठी रुंदी आणि उंचीचा प्रश्न वेगळा आहे. नऊ-दहा फुटांच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर सहज जातो, परंतु लोडर लावल्यावर त्याची लांबी वाढते आणि ओळीच्या टोकाला, जिथे मांडवाचे ताण आणि खांब असतात, तिथे तो वळत नाही. फवारणीच्या दिवसांत ब्लोअर मागे आणि लोडर पुढे अशी स्थिती कुणालाच परवडणारी नाही. म्हणून लोडर स्वतःच्या पायांवर उभा राहतो का, पिना काढून आणि होजचे क्विक कपलर सोडून एकट्या माणसाला तो पंधरा मिनिटांत वेगळा करता येतो का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला सांगावे. ट्रॉलीच्या फळीची जमिनीपासूनची उंची टेपने मोजून न्यावी; बकेट उलटी केल्यावर तिचे टोक त्या उंचीच्या किमान अर्धा फूट वर राहिले पाहिजे.

छोट्या ट्रॅक्टरला लोडर अनेकदा स्थानिक फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला जातो. काम चांगले असू शकते, मात्र फ्रेम फक्त पुढच्या ब्रॅकेटला आणि क्लच हाऊसिंगला बोल्ट केली असेल, तर प्रत्येक धक्का इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यावर बसतो. फ्रेमचे हात मागच्या ॲक्सलच्या हाऊसिंगपर्यंत गेलेले असावेत. लोडर बसवल्यानंतरही वॉरंटी कायम राहते, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन पहिल्या गळतीपर्यंतच टिकते, हा मला आलेला अनुभव आहे.

कागदपत्रांचे थोडक्यात. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरून अनुदान घ्यायचे असेल तर पूर्वसंमती मिळाल्यानंतरच खरेदी करावी. आधी बिल फाडले तर अर्ज बाद होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या कोटेशनवर किंमत ठरवू नये. मध्य प्रदेशातील बुधनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते आणि तिच्या अहवालात पीटीओवरील (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टवरील) प्रत्यक्ष शक्ती, पुढच्या-मागच्या चाकांवरील वजन आणि मोजलेली लिफ्ट क्षमता दिलेली असते. वरचा हिशेब त्या आकड्यांवर करावा, माहितीपत्रकावर नव्हे.

शेवटी डेमो शोरूमच्या अंगणात न घेता आपल्याच उकिरड्यावर घ्यावा. ओल्या शेणात बकेट घुसवताना पुढची चाके फिरून राहतात की ओढतात, भरलेली बकेट घेऊन वळताना मागचे चाक हलके लागते का, अर्ध्या तासानंतर होजच्या सांध्यांना तेल दिसते का, हे पाहावे. ट्रॅक्टर मागे उलटला तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान आणि सीटबेल्ट आहेत याची खात्री करावी. मग बकेट भरून कमरेइतकी उचलावी, इंजिन बंद करावे, तिच्याखाली कुणालाही जाऊ देऊ नये आणि दहा मिनिटे थांबावे. एवढ्या वेळात ती वीतभर खाली उतरली, तर व्हॉल्व किंवा सील बदलून मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.