परदेशी क्रीडापटात माओरी हाका दाखवताना

हाका म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवासी माओरी लोकांचा, बोल आणि हावभावांसह केला जाणारा सामूहिक नृत्यप्रकार. न्यूझीलंडबाहेर तयार होणाऱ्या रग्बीपटांत तो बहुतेक वेळा एकाच कामासाठी वापरला जातो: समोरचा संघ किती भीषण आहे, हे प्रेक्षकांच्या मनावर ठसवण्यासाठी. वटारलेले डोळे, बाहेर आलेली जीभ, मागे ढोलांचा गडगडाट आणि पुढे धास्तावलेला नायक, एवढ्यावर दृश्य संपते. हे टाळायचे असेल, तर चित्रीकरणाचा दिवस उजाडण्याची वाट न पाहता पटकथेपासूनच काम सुरू करावे लागते. कारण प्रत्येक हाकाला रचनाकार असतो, बोल असतात आणि ते बोल आपले मानणारी माणसे आजही हयात आहेत.

पटकथेत ‘संघ हाका सादर करतो’ असे मोघम वाक्य लिहू नये. कोणता हाका, हे आधी ठरवावे आणि तो कथेच्या काळाशी जुळतो का, हे तपासावे. ‘का माते’ हा हाका 1905 च्या दौऱ्यावरील न्यूझीलंड संघाने ब्रिटनमध्ये सादर केला होता. ‘कापा ओ पांगो’ मात्र डेरेक लार्डेली यांची रचना असून, न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाने, म्हणजे ऑल ब्लॅक्सनी, ती 2005 मध्ये ड्युनेडिनला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध प्रथम सादर केली. म्हणून 1995 च्या विश्वचषकाच्या कथेत ती येऊच शकत नाही. 1987 पूर्वीच्या काळाबाबत तर अधिकच जपावे. तेव्हा संघ मायदेशातील सामन्यांपूर्वी सहसा हाका करत नसे आणि परदेशात केला तरी तो अनेकदा विस्कळीत असे, हे जुन्या चित्रफितींत स्पष्ट दिसते. वेन शेल्फर्ड आणि हिका रीड या माओरी खेळाडूंनी आग्रह धरल्यानंतर तो मनापासून शिकून करण्याची शिस्त संघात आली. त्याआधीच्या कथेत आजच्यासारखा घोटून बसवलेला हाका दाखवला, तर या दोघांचे श्रेयच पुसले जाते.

त्यानंतर बोलांचा अर्थ कलाकारांपर्यंत पोहोचवावा. ‘का माते’मागची कथा सुमारे 1820 ची आहे. न्गाती तोआ जमातीचे प्रमुख ते राउपाराहा पाठलाग करणाऱ्या शत्रूंपासून वाचण्यासाठी रताळी साठवण्याच्या खड्ड्यात लपले होते आणि त्यांना आश्रय देणाऱ्या प्रमुखाची पत्नी त्या खड्ड्याच्या तोंडावर बसली होती, असे परंपरा सांगते. मरण की जगणे या टांगणीतून सुटून पुन्हा सूर्यप्रकाशात येण्याचा आनंद या बोलांत आहे. हे ठाऊक असलेला कलाकार केवळ रागाने ओरडणार नाही. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचा जोमही दिसेल. शिवाय प्रत्येक हाका युद्धाचा नसतो. शस्त्रे घेऊन केला जाणारा ‘पेरुपेरु’ हा वेगळा प्रकार आहे. पाहुण्यांच्या स्वागतासाठी, मृताला निरोप देताना, शाळेतील लाडक्या शिक्षकाच्या सन्मानासाठीही हाका होतो. माझ्या मते, सहकाऱ्याच्या अंत्यविधीत खेळाडूंनी केलेला हाका क्रीडापटात मैदानावरच्या दृश्याइतकाच, किंबहुना अधिक, बोलका ठरू शकतो.

चित्रीकरण करताना कॅमेऱ्याने घाई करू नये. पुढारी साद घालतो, बाकीचे प्रतिसाद देतात आणि त्यातूनच लय उभी राहते. दर सेकंदाला दृश्य तोडले की ती लय मरते. ‘का माते’ पूर्ण व्हायला एक मिनिटही लागत नाही, तेव्हा तो अखंड दाखवणे मुळीच अवघड नाही. निदान एक दृश्य असे घ्यावे, ज्यात संपूर्ण रांग पावलांपासून डोक्यापर्यंत दिसेल. जवळून घ्यायचे असेल, तर हातांकडे पाहावे: पसरलेल्या बोटांची ती बारीक, अखंड थरथर, जिला ‘विरी’ म्हणतात. तामा-नुई-ते-रा या सूर्याचा आणि हिने-राउमाती या ग्रीष्मकन्येचा मुलगा ताने-रोरे आईसाठी नाचतो आणि तेच तापलेल्या हवेचे थरथरणे होय, अशी माओरी परंपरा आहे. विरीत त्याचाच नाच दिसतो. केवळ जिभेवर आणि डोळ्यांवर रेंगाळणाऱ्या कॅमेऱ्याला हे दिसतच नाही. पार्श्वसंगीत तर पूर्ण बंद ठेवावे. जमिनीवर आपटणारी पावले, मांड्यांवर पडणारे तळवे आणि श्वास, हेच या कलेचे वाद्य आहे.

प्रतिस्पर्ध्यांचा प्रतिसादही विचारपूर्वक लिहावा. हाकातून दिलेले आव्हान स्वीकारणे हा हाकाला दिलेला मानच असतो. 2008 मध्ये लिमरिकच्या थॉमंड पार्कवर मन्स्टर संघातील न्यूझीलंडच्या खेळाडूंनी ऑल ब्लॅक्ससमोर स्वतः हाका केला, तर 2011 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात फ्रान्सचे खेळाडू बाणाच्या आकारात पुढे सरकले आणि त्याबद्दल त्यांना दंडही झाला. थट्टा करणारा किंवा थरथर कापणारा प्रतिस्पर्धी, या दोन ठरावीक साच्यांपलीकडे किती तरी शक्यता आहेत.

हाका सादर करणारे कलाकार शक्यतो माओरी असावेत आणि हाका शिकवणारी व्यक्ती तर माओरीच असावी. तिला रीतसर मानधन आणि श्रेयनामावलीत स्थान द्यावे, आणि ‘हे असे होत नाही’ असे तिने म्हटल्यास दृश्य बदलण्याची तयारी ठेवावी. चेहऱ्यावरील ‘ता मोको’, म्हणजे माओरी पारंपरिक गोंदण, त्या व्यक्तीची वंशावळ सांगतो, म्हणून एखाद्या खऱ्या माणसाची नक्षी छायाचित्रावरून उतरवून नटाच्या चेहऱ्यावर रंगवू नये. रंगभूषाकाराला हे लेखी कळवलेले बरे.

‘का माते’ वापरणाऱ्या चित्रपटासाठी न्यूझीलंडमध्ये 2014 चा स्वतंत्र कायदा आहे. ते राउपाराहा हे या हाकाचे रचनाकार आणि न्गाती तोआ रांगातिराचे (हे न्गाती तोआचे पूर्ण नाव) प्रमुख होते, असा ठळक उल्लेख त्यानुसार करावा लागतो. हा कायदा मानधन मागत नाही आणि त्या देशाबाहेर लागूही होत नाही. तरीही हा उल्लेख जगभरच्या प्रतींत ठेवावा, आणि पोरिरुआ येथील न्गाती तोआच्या प्रतिनिधींशी आधीच पत्रव्यवहार करावा. संकलनाची कच्ची प्रत त्यांना व हाका शिकवणाऱ्या व्यक्तीला दाखवायची ती ध्वनिमिश्रणापूर्वी, म्हणजे उपशीर्षकांतील चुकलेला अर्थ किंवा मध्येच तोडलेली साद दुरुस्त करायला वेळ उरतो.