डिस्चार्ज बुकातील नोंदी दुरुस्त करताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीपासून चंदगडच्या वाड्यांपर्यंत घरोघरी ट्रंकेत डिस्चार्ज बुके, म्हणजे निवृत्तीच्या वेळी सैनिकाला मिळणारी सेवेच्या नोंदींची पुस्तके, जपून ठेवलेली आढळतात. मात्र त्यातील कुटुंबाच्या तपशिलाचे पान बहुतेक वेळा सैनिकाच्या निधनानंतर, फॅमिली पेन्शनचा (कुटुंबाला मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचा) अर्ज अडल्यावरच, प्रथम नीट वाचले जाते.

सर्वाधिक अडचण पत्नीच्या नावाची असते. लग्नात नाव बदलण्याची आपल्याकडे रीत आहे. भरतीनंतर लगेच लग्न झालेल्या जवानाने पलटणीत माहेरचे ‘शांता’ हे नाव नोंदवलेले असते आणि पुढे रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक सगळीकडे सासरचे ‘सुमन’ लागते. अशा वेळी घाईने आधारवरचे नाव बदलून घेतले जाते आणि मग पासबुक, पॅनकार्ड व सातबारा यांच्याशी नवीनच विसंगती उभी राहते. असे करू नये. पत्नीचे आजचे नाव हेच तिचे खरे नाव असेल, तर सैन्याची नोंद बदलून घ्यावी. त्यासाठी विवाहाचा पुरावा आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र लागते. काही वेळा राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धीही मागितली जाते. प्रतिज्ञापत्रातील इंग्रजी स्पेलिंग आधारवरील स्पेलिंगशी अक्षरशः जुळले पाहिजे, अन्यथा तेच कागद परत येतात.

जन्मतारखेकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. जुन्या नोंदींत पत्नीच्या नावापुढे ‘वय १९’ एवढेच लिहिलेले असते किंवा तो रकाना कोराच असतो. पेन्शन सुरू होताना हे खुपत नाही. परंतु फॅमिली पेन्शन घेणाऱ्या विधवेला वयाच्या ८० व्या वर्षापासून २० टक्के, ८५ पासून ३०, ९० पासून ४०, ९५ पासून ५० आणि १०० व्या वर्षी १०० टक्के जादा रक्कम मिळते, आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) जन्मतारीखच नसेल तर ही वाढ आपोआप लागू होत नाही. उतारवयात, हक्काच्या पैशाची सर्वाधिक गरज असताना ही वाढ अडते, याचे फार वाईट वाटते. सैनिकाच्या स्वतःच्या जन्मतारखेचा प्रश्न मात्र वेगळा आहे. निवृत्तीनंतर ती बदलून मिळेल अशी आशा धरू नये.

अर्ज चुकीच्या ठिकाणी पाठवण्यातही पुष्कळ वेळ वाया जातो. बेळगाव जवळ असल्यामुळे आपल्याकडील अनेक कुटुंबे सरसकट तिकडेच जातात. पण तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचेच रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवानोंदी ठेवणारे कार्यालय, आहे. तोफखान्याचे रेकॉर्ड नाशिक रोडला, सिग्नल्सचे (संदेशवहन विभागाचे) जबलपूरला आणि ईएमईचे (यंत्रसामग्रीची देखभाल करणाऱ्या विभागाचे) सिकंदराबादला असते. सैनिक ज्या रेजिमेंटमधून किंवा कोअरमधून निवृत्त झाला, तिथेच अर्ज करावा आणि त्यावर आर्मी नंबर, हुद्दा व पीपीओ क्रमांक न विसरता लिहावा. कोल्हापूरचे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कागद तपासून, साक्षांकित करून पुढे पाठवते, मार्गदर्शनही करते. परंतु मूळ नोंद बदलण्याचा अधिकार त्याला नाही. रेकॉर्ड ऑफिसने पार्ट टू ऑर्डर (सेवानोंदीतील बदलाचा अधिकृत आदेश) काढून नोंद बदलली, तरी प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयाकडून सुधारित पीपीओ निघून स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत तोच तपशील दिसेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये.

डिस्चार्ज बुकावर पेनने खाडाखोड करू नये आणि मूळ प्रत कोणाही मध्यस्थाच्या हाती देऊ नये. साक्षांकित प्रती स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवावी.

सैनिक हयात असतानाच हे काम केल्यास ते कितीतरी सोपे होते, कारण त्याच्या स्वतःच्या सहीच्या अर्जाला जे वजन असते ते नंतरच्या कोणत्याही प्रतिज्ञापत्राला येत नाही. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर दुसरा विवाह झाला असेल किंवा घरात कायमचे अपंगत्व असलेले अपत्य असेल, तर त्यांची नोंद त्याने आजच करून घ्यावी. अशा अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात, नियमातील अटींना अधीन राहून, आजीव फॅमिली पेन्शन मिळू शकते.

अर्ज नाकारला गेल्यास ‘होत नाही’ या तोंडी उत्तरावर परत फिरू नये. कारणांसह लेखी उत्तर मागावे. वरिष्ठांकडे अपील करताना, आणि तिथेही दाद न मिळाल्यास २००७ च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापुढे जाताना, तेच पत्र जोडावे लागते.