अकाउंट हॅक झाल्यावर या चुका टाळा

गोव्यात फोंड्यातील माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अकाउंट हॅक झाल्याचे सांगत जे येतात, त्यांतील बहुतेकांनी घाईघाईत काहीतरी आधीच बिघडवून ठेवलेले असते, आणि दर वेळी चुका त्याच असतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गेलेले अकाउंट तेवढे सोडवत बसणे आणि त्याच्यामागच्या ई-मेलकडे न पाहणे. माझी मावसबहीण मांद्र्याला पर्यटकांना खोल्या भाड्याने देते आणि तिचे निम्मे ग्राहक इन्स्टाग्रामवरून येतात. गेल्या डिसेंबरात, ऐन हंगामात, तिचे पान चोरीला गेले आणि त्यावरून लोकांकडे खोलीसाठी आगाऊ पैसे मागितले जाऊ लागले. तिने खटपट करून पान परत मिळवले, पासवर्ड बदलला, आणि चौथ्या दिवशी ते पुन्हा गेले. असे दोनदा झाल्यावर मी मांद्र्याला जाऊन तिचे जीमेल संगणकावर उघडले. सेटिंग्जमधील फिल्टरच्या यादीत एकच ओळ होती: इन्स्टाग्रामकडून आलेले प्रत्येक पत्र अमुक पत्त्यावर पाठवावे आणि मूळ पत्र कचरापेटीत टाकावे. तो पत्ता तिने कधी पाहिलेलाही नव्हता. पासवर्ड बदलण्याची लिंक दर वेळी चोराच्या हाती पडत होती आणि बहिणीला इशाऱ्याचे एकही पत्र दिसत नव्हते.

तेव्हापासून मी ई-मेल पक्का झाल्याशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावत नाही. नवा पासवर्ड, बाकी सर्व उपकरणांवरून लॉगआउट, रिकव्हरीचा म्हणजे अकाउंट परत मिळवण्यासाठी नोंदवलेला फोन आणि पत्ता, फिल्टर, फॉरवर्डिंग, परवानगी दिलेली परकी ॲप्स, हे सगळे तपासायला अर्धा-पाऊण तास लागतो. 'आधी पान सोडवा, बाकीचे उद्या बघू' असा आग्रह धरणाऱ्यांचे मी ऐकत नाही, कारण चोराला तो उद्याच हवा असतो.

दुसरी चूक इशाऱ्याचे पत्र न वाचण्याची आहे. अकाउंटचा ई-मेल पत्ता बदलला गेला की इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर कळवते आणि तो बदल मागे घेण्याची सोय त्याच पत्रात असते. मात्र अशी बनावट पत्रेही येतात, म्हणून पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता वाचूनच लिंक उघडावी. गूगलवरील रिकव्हरी क्रमांक चोराने बदलला, तरी त्यानंतर ७ दिवसांपर्यंत जुन्या क्रमांकावर कोड मिळू शकतो, म्हणून हे ७ दिवस नवे अकाउंट उघडण्यात घालवू नयेत. रिकव्हरीचा अर्ज आपल्या रोजच्या फोनवरून, घरच्या वायफायवरून करावा. परक्या संगणकावरून केल्यास गूगलला ओळख पटणे कठीण जाते.

व्हॉट्सॲप गेल्यास ॲप पुन्हा टाकून आपल्या क्रमांकावर आलेला ६ अंकी कोड भरावा, म्हणजे चोर बाहेर पडतो. त्याने टू-स्टेप पिन, म्हणजे कोडनंतर मागितला जाणारा दुसरा गुप्त क्रमांक, लावून ठेवला असेल तर आत शिरायला ७ दिवस थांबावे लागते. एवढ्यावरून हताश होऊन सिमकार्ड टाकून देणारे मी पाहिले आहेत. त्याची काहीही गरज नसते.

पैसे घेऊन अकाउंट परत मिळवून देतो म्हणणारा अनोळखी माणूस हा दुसरा चोर असतो.

पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा आणि सायबर पोलीस ठाण्यात, गोव्यात असल्यास रायबंदरच्या, तक्रार द्यावी. लाज वाटून चॅट पुसून टाकू नये. आधी स्क्रीनशॉट काढावेत, कारण तोच पुरावा असतो.

पुढच्या संरक्षणासाठी एसएमएसच्या ओटीपीपेक्षा मला ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच सतत नवा कोड तयार करणारे ॲप, अधिक भरवशाचे वाटते. त्याबरोबर फोन हाताशी नसताना आत शिरण्यासाठी गूगल जे १० बॅकअप कोड देते, त्यांचा फोटो फोनमध्ये ठेवणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण फोन हरवला की तेही जातात. मी ते कागदावर लिहून रेशन कार्डाच्या पिशवीत ठेवतो आणि वापरलेल्या कोडवर लगेच रेघ मारतो, कारण प्रत्येक कोड एकदाच चालतो. बहिणीच्या कपाटातही आता असाच एक कागद आहे. त्यावर दोन रेघा पडल्या आहेत.