मॉडेल रेल्वेच्या गोदामासाठी लोडिंग डॉक

डॉक म्हणजे डब्यात माल चढवायचा-उतरवायचा ओटा, तो बनवायला घेताना आधी उंची बघा, बाकी सगळं नंतर. एचओ स्केल म्हणजे १:८७, खऱ्याच्या ८७ पट लहान, त्यात बॉक्सकारचा (बंद मालडब्याचा) फ्लोअर रुळाच्या वरच्या कडेपासून साधारण १३ मिमीवर येतो, डॉक तेवढाच किंवा केसभर खाली ठेवा. दोन रुळांच्या मध्यापासून डॉकची कडा २०-२१ मिमी दूर धरा, पण माझं ऐकून लगेच चिकटवू नका, तुमच्याकडचा सगळ्यात रुंद डबा आणि इंजिन दोन्ही हाताने ढकलून बघा, आणि जवळ वळण असेल तर अजून जागा सोडा कारण वळणावर डब्याचे कोपरे बाहेर येतात.

फळ्यांसाठी बासवुडच्या (मऊ, हलक्या लाकडाच्या) ३ मिमी रुंद पट्ट्या मस्त, खऱ्या मापात त्या जवळपास १० इंची होतात. एक गोष्ट मात्र नक्की पाळा, रंग आधी आणि गोंद नंतर!! गोंद लागलेल्या लाकडात स्टेन, म्हणजे लाकडाचा पातळ रंग, मुरतच नाही, फिकट पांढरट डाग राहतो आणि तो मग कशानेच झाकला जात नाही. मी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळ्या शाईचे थेंब टाकते, त्यात पट्ट्या बुडवते, काही पट्ट्या पटकन काढते काही जास्त वेळ ठेवते, म्हणजे प्रत्येक फळीचा करडा वेगळा येतो.

खाली चौकोनी काड्यांचे खांब, त्यावर आडवे बीम, मग फळ्या. एखाद्या फळीचं टोक थोडं तुटकं ठेवा, कडेला जिथे माल घासला जातो तिथे ब्लेडने हलकेच खरवडा, बघा किती जिवंत वाटतं ते.