इजेनंतरची नसदुखी अचानक उसळली तर

कळ वाढली म्हणजे नस पुन्हा दुखावलीच असं नाही. बहुतेकदा ती फक्त जास्त चाळवलेली असते. त्या दिवशी काम निम्म्यावर आणा, पण अवयव पूर्ण बांधून ठेवू नका. सांधा आखडला की दुखणं वाढतंच.

स्पर्श सहन होत नसेल तर आधी शेजारच्या चांगल्या त्वचेवर कापूस फिरवा, मग हळूहळू दुखऱ्या भागाकडे या. दोन-तीन मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. कापूस सोसला की सुती कापड, नंतर टॉवेल. बधिर जागेवर बर्फ किंवा गरम पिशवी नको. चटका कळतच नाही.

गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही नसदुखीवरची औषधं चालू असतील तर ठरल्या वेळीच घ्या. कळ आली म्हणून जादा गोळी नको आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही नको.

नव्याने ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर लगेच रुग्णालय गाठा.